न कापता चरबी कमी होते, पण कोणती?

लग्नसराई जवळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडपासून लातूर-नांदेडच्या मुख्य रस्त्यांपर्यंत एका ठरावीक प्रकारचे फलक दिसू लागतात. ‘ऑपरेशन नाही, भूल नाही, एका सिटिंगमध्ये दोन इंच कमी’ हा त्यांवरचा मजकूर वर्तमानपत्रात घातलेल्या पत्रकांतून आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतूनही घरोघरी पोहोचतो. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात विक्रीस आली, तेव्हापासून चरबी हा विषय चर्चेत आहेच. त्या चर्चेत ‘फॅट फ्रीझिंग’, ‘हायफू’, ‘इंच लॉस’, ‘बॉडी कॉन्टूरिंग’ हे शब्दही मिसळल्यामुळे हे सगळे एकच प्रकरण असावे, असा अनेकांचा समज झाला आहे. तसे ते नाही. ती इंजेक्शने भुकेवर आणि त्यामार्गे संपूर्ण शरीराच्या वजनावर काम करतात, तर बॉडी कॉन्टूरिंग म्हणजे शरीराच्या एखाद्याच भागातला त्वचेखालचा चरबीचा थर यंत्राने पातळ करून त्या भागाचा आकार सुधारणे.

या उपचारांमागे खरे शास्त्र आहे, त्यामुळे त्यांना सरसकट फसवणूक म्हणता येणार नाही. मात्र ही यंत्रे जे करू शकतात आणि ती जे करतात असे सांगून पॅकेज विकले जाते, त्यांत बरेच अंतर आहे.

## पोटावरची आणि पोटातली

सुटलेले पोट बाहेरून एकसंध दिसत असले, तरी त्यात चरबीचे दोन वेगळे साठे असतात. पहिला साठा त्वचेच्या लगेच खाली आणि पोटाच्या स्नायूंच्या बाहेर असतो. उभे राहून पोटाचे स्नायू आवळले आणि अंगठा व बोटे यांच्या चिमटीत जे पकडता आले, तो हा साठा होय. दुसरा साठा स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतडी, यकृत आणि इतर अवयवांभोवती असतो, आणि तो चिमटीत येत नाही. ढेरी टणक असेल, पुढे आलेली असेल, पण चिमटीत थोडीच कातडी येत असेल, तर बरीचशी चरबी आतली आहे असे समजावे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी जिचा अधिक जवळचा संबंध आहे, ती हीच आतली चरबी.

आपल्या लोकांसाठी हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात असतात, आणि काट्यावर वजन बेताचे दिसते म्हणून ती निर्धास्तही असतात. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. हा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजायचा असतो. पँट बांधतो तिथे नव्हे.

बॉडी कॉन्टूरिंगचे कोणतेही यंत्र फक्त पहिल्या साठ्यावर काम करते. स्नायूंच्या आतल्या साठ्यापर्यंत ते पोहोचत नाही, आणि पोहोचूही नये, कारण तिथे आतडी आहेत.

## काही भागांची चरबी हट्टी का असते

शरीराला ऊर्जा हवी असते तेव्हा ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके चरबीच्या पेशींना साठा मोकळा करण्याचा निरोप देतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर हा निरोप स्वीकारणारी केंद्रे असतात, आणि त्यांतली काही साठा सोडायला सांगतात, तर काही तो अडवतात. मांड्या व नितंब यांच्या चरबीत, विशेषतः स्त्रियांमध्ये, अडवणाऱ्या केंद्रांचे प्रमाण अधिक असते. बाळंतपण आणि स्तनपान यांसाठी राखून ठेवलेली ही शिल्लक शरीर सहजासहजी मोडत नाही. त्यामुळे उपास केले की गाल बसतात, ब्लाउज सैल होतो, आणि मांड्या तशाच राहतात. चरबी कुठून आधी जावी हे आपण ठरवू शकत नाही, आणि केवळ पोटाचे व्यायाम करून केवळ पोटाचीच चरबी जाण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट पेशींच्या संख्येची. प्रौढ वयात चरबीच्या पेशींची संख्या साधारण स्थिर राहते. दर वर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. वजन घटते तेव्हा पेशी रिकाम्या होऊन आक्रसतात, पण मोजदादीत कमी होत नाहीत. कॉन्टूरिंगचा दावा इथेच वेगळा ठरतो, कारण हे उपचार पेशी रिकामी करत नाहीत, ती मारून टाकतात.

## थंडीने चरबी मरते कशी

या उपचारांत सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो चरबी गोठवण्याच्या पद्धतीचा, ज्याला क्रायोलिपोलिसिस म्हणतात. बर्फाची कांडी चोखत राहिलेल्या लहान बाळांच्या गालातील चरबीला सूज येते आणि वरची त्वचा मात्र शाबूत राहते, ही नोंद वैद्यकीय साहित्यात १९७० पासून होती. तिच्यावरून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी डुकरांवर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्वचा वाचते आणि चरबी मरते, हे कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. परभणीला डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की न्हाणीतल्या बाटलीतले खोबरेल तेल थिजून पांढरे होते, पण शेजारच्या बादलीतले पाणी पाणीच राहते. शरीरातही तसेच घडते: त्वचा, स्नायू आणि नसा यांच्या पेशींत मुख्यतः पाणी असते, चरबीच्या पेशींत स्निग्ध पदार्थ असतो, आणि पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी तो घट्ट होऊ लागतो. या आघाताने पेशी फुटत नाही, तर तिच्यातली मृत्यूची अंगभूत प्रक्रिया सुरू होते आणि ती काही दिवसांत आपोआप मोडू लागते. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली की तेल पुन्हा पातळ होते; मोडायला लागलेली पेशी मात्र पूर्ववत होत नाही.

प्रत्यक्ष उपचार दिसायला साधा असतो. त्वचेवर जेलमध्ये भिजवलेले कापड ठेवून तिला थंडीपासून संरक्षण दिले जाते. त्यावर यंत्राचा कप लावला की हवेच्या ओढीने चरबीची वळी कपाच्या आत खेचली जाते आणि दोन्ही बाजूंच्या थंड पट्ट्यांमध्ये अडकते. पहिली काही मिनिटे ओढ आणि चटका जाणवतो, मग तो भाग बधिर होतो, आणि ३५ ते ६० मिनिटे रुग्ण मोबाइल पाहत पडून राहू शकतो. कप काढल्यावर तिथे कपाच्याच आकाराचा लाल, टणक उंचवटा उठलेला दिसतो, तो दोन मिनिटे जोराने चोळून मोडतात, आणि हे चोळणेच रुग्णांना सर्वांत नकोसे वाटते. ते टाळू नये, कारण त्यामुळे परिणाम वाढतो असे आढळले आहे.

कपात खेचली जाते ती वळी. ज्याच्या पोटाला वळीच पडत नाही, त्याच्यासाठी हे यंत्र निरुपयोगी आहे.

## उष्णता, ध्वनी आणि सुई

उरलेल्या पद्धती बहुतांशी उष्णतेच्या आहेत. १०६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्वचेखालची चरबी ४२ ते ४७ अंश सेल्सियसपर्यंत सुमारे २५ मिनिटे तापवतो. ‘हायफू’ म्हणजे एका बिंदूवर केंद्रित केलेल्या तीव्र ध्वनिलहरी. त्या त्वचा ओलांडून एक-सव्वा सेंटिमीटर खोलीवर तापमान ५५ अंशांच्या वर नेतात आणि तिथल्या पेशी जागीच नष्ट करतात. रेडिओ लहरींच्या यंत्रांनी चरबीपेक्षा त्वचा आवळण्याचे काम अधिक होते. स्नायूंना चुंबकीय धक्के देऊन अर्ध्या तासात वीस हजार आकुंचने घडवणारे यंत्र मुळात स्नायूंचे आहे.

हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक ॲसिडचे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ पासून मान्य आहे. आपल्याच पित्तात असणारा हा पदार्थ चरबीच्या पेशींचे आवरण विरघळवतो. तो जागा चुकून चेहऱ्याच्या मज्जातंतूजवळ गेला, तर काही आठवडे हसताना तोंड वाकडे दिसू शकते. पोट, दंड किंवा पाठ यांसाठी कोणतेही ‘फॅट डिझॉल्व्हिंग’ इंजेक्शन अमेरिकेच्या नियामकाने मान्य केलेले नाही, आणि २०२३ मध्ये त्याने अशा अमान्य इंजेक्शनांविरुद्ध जाहीर इशाराही दिला. गाठी, व्रण आणि जंतुसंसर्ग झाल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. ब्यूटी पार्लरमध्ये कोणी ‘बाहेरून आलेले’ इंजेक्शन देऊ केले, तर तिथून उठून येणे एवढेच करावे.

## मेलेली चरबी जाते कुठे

ती घामावाटे किंवा लघवीवाटे ‘वितळून’ जाते, हे सर्वांत लोकप्रिय उत्तर चुकीचे आहे. मेलेल्या पेशी शरीरातील सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू गिळतात, त्यांतली चरबी नेहमीच्या मार्गाने शरीराच्या इंधनात मिसळते, आणि शेवटी तिचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. दहा किलो चरबी पूर्णपणे जळाली, तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाण्याच्या रूपात जाते, हा हिशेब २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात मांडला गेला.

ही सफाई सावकाश होते. क्रायोलिपोलिसिसचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे पंधरा दिवसांवर हळद आली असताना घेतलेल्या सिटिंगचा लग्नाच्या दिवशी काही उपयोग नाही. उलट त्या दिवशी सूज आणि बधिरपणाच असण्याची शक्यता अधिक.

मग ‘एका सिटिंगमध्ये दोन इंच’ येतात कुठून? जेथे अंग गुंडाळून घाम काढला जातो, तेथे घटते ते पाणी, आणि ते संध्याकाळपर्यंत भरून निघते. शिवाय टेप बोटभर वर किंवा खाली धरला, जरा आवळला, किंवा दुसऱ्या मापाच्या वेळी ‘श्वास सोडा’ म्हटले, तरी दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. आधीच्या छायाचित्रात खांदे पाडून उभी असलेली व्यक्ती नंतरच्या छायाचित्रात ताठ असते आणि प्रकाशही बदललेला असतो, हे जरा निरखून पाहिले की कोणाच्याही लक्षात येईल.

## वजन किती कमी होईल?

जवळजवळ नाही. अभ्यासांत आढळलेली घट ही एका सिटिंगनंतर त्या जागेवरच्या चरबीच्या थराच्या जाडीतील साधारण २० ते २५ टक्के घट आहे. जाहिरातीत ‘२५ टक्के चरबी कमी’ एवढेच छापले जाते आणि वाचणारा ते संपूर्ण शरीराला लावतो.

हिशेब स्वतःच करून पाहता येतो. समजा कपाखाली १५ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड चरबी आहे. तिचे आकारमान ३६० घन सेंटिमीटर झाले. त्यातील एक चतुर्थांश गेली, तर ९० घन सेंटिमीटर, आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे वजनात सुमारे ८० ग्रॅम. पोटावर चार ठिकाणी कप लावले, तरी तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. सकाळी उठल्याउठल्या आणि रात्री जेवणानंतर वजन केले, तर याहून मोठा फरक काट्यावर दिसतो. तरीही, नेमक्या जागची वळी तेवढ्याने पातळ झाली, तर कपडे वेगळे बसू शकतात, आणि ज्याला तेवढेच हवे आहे त्याच्या दृष्टीने तो पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही. वीस किलो वजन कमी करायचे आहे म्हणून जो हे पॅकेज हप्त्यांवर घेतो, त्याने मात्र चुकीच्या दुकानात पाऊल टाकले आहे.

## पोट उतरले तर शुगरही उतरेल ना?

हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो, आणि सेंटरवाले त्याला अनेकदा मान डोलावतात. याचे उत्तर यंत्रांवरील अभ्यासातून नव्हे, तर त्यांच्याहून कितीतरी जास्त चरबी काढणाऱ्या शस्त्रक्रियेच्या अभ्यासातून मिळते. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या १५ लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटावरील त्वचेखालची सरासरी नऊ ते दहा किलो चरबी काढली गेली होती. काही आठवड्यांनी तपासले, तेव्हा इन्सुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय सुधारणा नव्हती. दहा किलो काढून जे झाले नाही, ते तीनशे ग्रॅमने होणे शक्य नाही.

याउलट, ज्वारीची भाकर तीच, पण जेवणातले एकूण प्रमाण घटवून आणि रोज भरभर चालून जेव्हा वजनाचे पाच-सात टक्के कमी होतात, तेव्हा आतली चरबी लवकर हलते आणि साखर सुधारते, वळी जागेवर राहिली तरी. आरसा आणि रक्ताचा अहवाल यांचे निकाल असे वेगळे लागू शकतात.

## कापाकापी नाही, मग धोका कसला?

धोका कमी आहे, शून्य नाही. लाली, सूज, काळेनिळे डाग आणि काही आठवडे टिकणारा बधिरपणा हे सर्वसाधारण परिणाम आहेत. हलक्या प्रतीच्या यंत्राने तापमान नीट राखले नाही किंवा जेलचे कापड वाचवले, तर थंडीने त्वचा भाजते; हायफू आणि लेसरने उष्णतेचे चटके बसतात.

एक विचित्र परिणाम असा, की गोठवलेली चरबी कमी होण्याऐवजी काही महिन्यांनी वाढते, आणि नेमका कपाच्या आकाराचा टणक फुगवटा तयार होतो. तो आपोआप जात नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते. याची पहिली नोंद २०१४ मध्ये झाली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सुरुवातीच्या आकडेवारीत हे प्रमाण वीस हजार चक्रांमागे (एका जागी एकदा कप लावणे म्हणजे एक चक्र) एक होते, पुढे ते चार हजारांमागे एक सांगितले गेले, आणि काही डॉक्टरांना ते याहूनही अधिक आढळले. २०२१ मध्ये मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने आपल्याला हाच त्रास झाल्याचे जाहीर करून कंपनीविरुद्ध दावा लावला, आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला.

थंडीने रक्तातील प्रथिने साकळण्याचे किंवा रक्तपेशी फुटण्याचे दुर्मिळ आजार ज्यांना आहेत, त्यांनी क्रायोलिपोलिसिस करूच नये. हर्निया असल्यास पोटावर कप लावू नये. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाबाबत तर आधी सर्जनकडून तपासून घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा तिथे चरबी थोडी असते आणि पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात. उताणे झोपून डोके उचलले की मध्यरेषेवर उभा उंचवटा दिसतो, तो याचा खुणेचा प्रकार. ही फट कोणत्याही गोठवण्याने भरत नाही. तिला विशिष्ट व्यायाम किंवा टाके लागतात. हे तपासायला महागडे सेंटर लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचे घाटी, लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे पाच मिनिटांचे काम आहे.

## ‘एफडीए मान्य’ म्हणजे काय?

एफडीए म्हटले की आपल्याला दिवाळीच्या तोंडावर खव्यावर छापे टाकणारे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आठवते. जाहिरातीतला एफडीए अमेरिकेचा असतो. त्याने क्रायोलिपोलिसिसला २०१० मध्ये कमरेच्या बाजूंसाठी, २०१२ मध्ये पोटासाठी आणि पुढे मांड्या व हनुवटीसाठी परवानगी दिली. ती विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट यंत्राला आहे, ठरलेल्या भागांसाठी आहे, आणि आकार सुधारण्यासाठी आहे. वजन कमी करण्यासाठी नाही. त्याच तत्त्वावर चालणारे पण कोणीही बनवलेले यंत्र त्या परवानगीच्या आडून खपवले जात असेल, तर यंत्राचे नाव व मॉडेल विचारावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे.

## गेलेली चरबी परत येते का?

मेलेली पेशी परत येत नाही. मात्र शेजारी उरलेल्या ७५-८० टक्के पेशी जिवंत असतात आणि त्यांना भरपूर फुगता येते. वजन वाढले तर तोच भाग पुन्हा भरतो, आणि आसपासचे भागही. म्हणून गेले काही महिने वजन स्थिर असलेली, बीएमआय ३० च्या आत असलेली आणि एखाददुसरी वळीच तेवढी खुपणारी व्यक्ती हाच या उपचाराचा योग्य ग्राहक होय. ज्याची कातडी सैल पडून लोंबते आहे, त्याची चरबी पातळ केल्यास कातडी आणखी लोंबते, हेही आधीच सांगितले गेले पाहिजे.

## पैसे भरण्याआधी

उपचार कोण ठरवतो आणि कप कोण लावतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावेत. ठरवणारी व्यक्ती त्वचारोग किंवा प्लॅस्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी घेतलेली असावी. तिचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक फलकावर नसेल, तर मागावा. पहिल्याच भेटीत ‘आजच भरा, निम्म्यात देतो’ असे म्हटले गेले, तर तो वैद्यकीय सल्ला नाही. एकदम सहा सिटिंगचे पैसे भरण्याऐवजी एका भागाची एक सिटिंग घ्यावी आणि तीन महिने थांबून परिणाम पाहावा. आधीचे छायाचित्र व चिमट्याच्या मापकाने घेतलेली जाडी स्वतःजवळ ठेवावी. टेपचे माप घ्यायचेच असेल, तर नाभीपासून किती अंतरावर घेतले ते लिहून ठेवावे.

वाद झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, म्हणजे उपचार पुण्यात झाला असला तरी हिंगोलीच्या रहिवाशाला हिंगोलीत तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि लागतात ती कागदपत्रे अशी: यंत्राच्या नावासह बिल, सही केलेल्या संमतिपत्राची प्रत, आधीची छायाचित्रे, आणि ज्या जाहिरातीवर विश्वास ठेवून पैसे भरले तिचा फोटो.